चूक कबूल करणारा उद्योजक

जळगावहून अजिंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, डोंगररांगेच्या पायथ्याशी, जामनेर तालुक्यात वाकोद नावाचे गाव आहे. अजिंठ्याच्या लेण्यांखाली वळण घेणारी वाघूर नदी याच परिसरातून उत्तरेला तापीच्या दिशेने वाहते. १८८७ च्या सुमारास जोधपूरजवळच्या आगोलाई गावातून एक ओसवाल कुटुंब पोटापाण्याच्या शोधात या मुलखात आले. 'पोटापाणी' हा शब्द आपण सहज वापरतो. मारवाडचा दुष्काळ पाहिलेल्या माणसांना त्यातल्या 'पाणी' या अर्ध्या भागाचे मोल अधिक ठाऊक होते. पुढच्या काळात या कुटुंबाने वाकोदला शेती केली आणि तिच्यावर पिढ्या पोसल्या. त्याच घरात १२ डिसेंबर १९३७ रोजी हिरालालजी आणि गौराबाई यांच्या पोटी भवरलालजींचा जन्म झाला. पुढे सारे जळगाव त्यांना 'मोठेभाऊ' म्हणू लागले.

आपल्या समाजाचे चित्र रंगवताना दुकान, गादी आणि वही यांपलीकडे सहसा कोणी जात नाही. त्यामुळे शेतकरी जैन म्हटले की अनेकांना नवल वाटते. वास्तविक दक्षिण महाराष्ट्रात जैन शेतकऱ्यांची गावेच्या गावे आहेत, आणि आगमांतील आनंद श्रावकाने आपल्या परिग्रहाची मर्यादा घातली तेव्हाही पाचशे नांगरांची जमीन त्याने स्वतःकडे ठेवली होती. भवरलालजी या परंपरेतले होते. खानदेशात त्या काळी विहिरीवर मोट चाले, पाटाने पाणी फिरे, आणि बारे धरणाऱ्या माणसाची रात्र शेतातच सरे. विहीर आटली की पीक गेले, हे अर्थशास्त्र त्यांना पुस्तकाआधी समजले.

मुलगा हुशार निघाला. गावातून जळगावला आणि तेथून मुंबईला जाऊन त्याने वाणिज्य शाखेची पदवी घेतली, पाठोपाठ कायद्याची. त्यानंतर राज्याच्या प्रशासकीय सेवेसाठी निवडही झाली. साठच्या दशकाच्या आरंभी खेड्यातल्या तरुणाला उपजिल्हाधिकाऱ्याची खुर्ची मिळणे म्हणजे कुटुंबाच्या सात पिढ्यांचे भाग्य उजळणे, अशीच सर्वांची समजूत असे. भवरलालजींनी आईचा सल्ला घेतला. गौराबाई शिकलेल्या नव्हत्या. केवळ आपल्या घराचे भागेल असे काही करण्यापेक्षा माणसांबरोबर पशुपक्ष्यांचेही पोट भरेल असे काही कर, असे त्यांनी सुचवल्याचे भवरलालजी पुढे आवर्जून सांगत. सरकारी नोकरी त्यांनी नाकारली.

घरात तीन पिढ्यांची साठलेली बचत होती सात हजार रुपये. त्या भांडवलावर १९६३ मध्ये त्यांनी जळगावात रॉकेल विकण्याचा व्यवसाय सुरू केला. कायद्याचा पदवीधर रॉकेलचे डबे विकतो, हे पाहून हसणारे काही थोडे नसावेत. परंतु रॉकेलच्या धंद्यात एक गोष्ट चांगली असते : गिऱ्हाईक प्रत्येक घरात असते आणि गावोगाव हिंडल्याशिवाय धंदा वाढत नाही. त्या हिंडण्यात शेतकऱ्याच्या ओसरीवर बसणे आले, त्याच्या अडचणी ऐकणे आले. हळूहळू रॉकेलच्या जोडीला इंजिनाचे तेल, मग ट्रॅक्टर, खते, बियाणे, कीटकनाशके आणि पाइप यांच्या एजन्सी आल्या. चुलत बंधू व कुटुंबीय बरोबर होते. शेतकऱ्याला हंगामात जे जे लागते ते ते एका छताखाली, असा तो व्यापार होता. शेती हा भवितव्य असलेला व्यवसाय आहे, हे वाक्य त्यांनी तेव्हापासूनच आपल्या जाहिरातींत वापरले. जिल्ह्यातला शेतकरी मुलाला शेतीतून बाहेर काढण्यासाठी धडपडत होता, त्या काळात हे धाडसाचेच विधान म्हणावे लागेल.

व्यापारातून उद्योगाकडे वळण्याचा प्रसंग १९७८ मध्ये आला. जळगाव जिल्हा केळीचा; केळीची भुकटी करणारा एक कारखाना बंद पडून विक्रीस निघाला होता. भवरलालजींनी तो सुमारे तीस लाखांना घेतला. हाताशी असलेल्या पैशांच्या मानाने ही बोली फार मोठी होती, आणि कोणत्याही सावध कर्ज-अधिकाऱ्याने त्या प्रस्तावावर लाल शाईने प्रश्नचिन्ह काढले असते. केळीची भुकटी विकली जात नव्हती, म्हणूनच तर कारखाना बंद पडला होता. त्यांनी यंत्रसामग्री तीच ठेवून माल बदलला. कच्च्या पपईच्या सालीवर चिरा दिल्या की पांढरा चीक पाझरतो. त्यापासून पेपेन नावाचे विकर मिळते. औषध आणि अन्नप्रक्रिया उद्योगांत त्याला मागणी असते. उच्च शुद्धतेचे पेपेन जळगावातून परदेशी जाऊ लागले. चीक पुरवणारा शेतकरी जवळपासचा, कारखाना जवळपासचा, गिऱ्हाईक समुद्रापलीकडचे. पुढे जे जे काही त्यांनी यशस्वी केले, त्या सर्वांचा साचा या पहिल्या उद्योगातच दिसतो.

१९८० मध्ये पीव्हीसी पाइपचे उत्पादन सुरू झाले. ऐंशीच्या दशकाच्या मध्याला अमेरिकेत सिंचन साधनांचे प्रदर्शन पाहताना ठिबक सिंचनाने त्यांचे लक्ष वेधले. हे तंत्र इस्रायलमध्ये साठच्या दशकातच व्यापारी स्वरूपात आले होते. भारतात प्रयोग झाले होते, पण बहुतेक ठिकाणी संच विकून विक्रेता निघून गेला की नळ्या बांधावर गुंडाळून पडत. पाण्यातील क्षार व गाळ तोट्यांत साठून त्या बुजत. गाळणी कशी धुवावी, नळ्यांत आम्ल केव्हा सोडावे, हे शेतकऱ्याला कोणी सांगितलेलेच नसे. शिवाय पाटाने शेत भरताना डोळ्यांना पाणी दिसते. ठिबकमध्ये मुळाशी तेवढी ओल, बाकी जमीन कोरडी. केळीसारख्या पाण्याला हपापलेल्या पिकाला थेंबाथेंबाने भागवणे ही शेतकऱ्याला थट्टाच वाटे.

१९८६ मध्ये स्थापन झालेल्या जैन इरिगेशन सिस्टिम्सने या कामाचा क्रम उलटा लावला. आधी जमीन, पाणी व पीक यांची पाहणी, मग त्या शेतापुरता आराखडा, मग जोडणी, आणि त्यानंतरही कृषितज्ज्ञाची फेरी. विद्राव्य खते पाण्याबरोबरच मुळाशी देण्याची पद्धत शिकवली गेली, त्यामुळे खताची बचत झाली. शासनाचे अनुदान उपलब्ध झाल्यावर लहान शेतकऱ्यालाही संच परवडू लागला. नव्वदच्या दशकात ऊतीसंवर्धित केळीची रोपे आली. कंद लावून अठरा महिन्यांनी घड काढणाऱ्या शेतकऱ्याचा बाग आता अकरा-बारा महिन्यांत कापणीला येऊ लागला, आणि सगळे घड जवळपास एकाच वेळी तयार होऊ लागले. रावेर-यावल भागात आज ठिबकशिवाय केळीची लागवड कल्पनेत येत नाही. हा पालट एका पिढीत झाला.

येथवरची कथा गौरवग्रंथांत नेहमीच आढळते. भवरलालजींचा खरा कस त्यानंतर लागला, आणि समारंभी भाषणांत नेमका तोच भाग घाईने उरकला जातो.

१९९१ नंतर देशाची अर्थव्यवस्था खुली झाली. भांडवल बाजार तेजीत होता. चांगल्या नावाच्या कंपनीला पैसा मिळणे सोपे झाले होते. १९९४ मध्ये कंपनीने परदेशी बाजारातूनही भांडवल उभारले. पैसा हाताशी आला की तो कुठेतरी गुंतवावा लागतो. वित्तसेवा, माहिती तंत्रज्ञान, ग्रॅनाइट अशा क्षेत्रांत कंपनीने पाय ठेवला. त्या दिवसांत अनेक उद्योगसमूह हेच करीत होते आणि सल्लागार त्याला 'विविधीकरण' असे भारदस्त नाव देत होते. या क्षेत्रांपैकी एकाचाही वाकोदच्या मातीशी संबंध नव्हता. ज्या माणसाला पाइपमधून वाहणाऱ्या पाण्याचा दाब हाताने कळत असे, त्याला या धंद्यांतील नाडी सापडली नाही. गुंतवलेली रक्कम अडकली, कर्जावरील व्याज चढत गेले, तोटा झाला. चालू धंद्याची कमाई बाहेरच्या धंद्यांची भोके बुजवण्यात जाऊ लागली. बँकेच्या भाषेत सांगायचे तर अल्प मुदतीचे पैसे दीर्घ मुदतीच्या स्वप्नांत गेले की काय होते, याचा हा नमुनाच होता. विचित्र योगायोग असा की याच काळात, १९९७ मध्ये, अमेरिकेच्या सिंचन संघटनेने त्यांना क्रॉफर्ड रीड स्मृती पुरस्कार दिला. हा सन्मान मिळवणारे ते पहिले भारतीय होते. बाहेर सत्कार आणि घरात तुटीचा ताळेबंद, अशी ती वर्षे होती.

उद्योग बुडू लागला की मालकाला सहसा तीन वाटा दिसतात. सरकारी धोरणाला दोष द्यायचा, बाजाराला द्यायचा, किंवा हाताखालच्या माणसांना. भवरलालजींनी यांतील एकही वाट धरली नाही. त्यांनी वर्तमानपत्रांतून जाहीर निवेदन देऊन आपले निर्णय चुकले हे मान्य केले आणि भागधारकांची क्षमा मागितली. नोंदणीकृत कंपनीच्या प्रमुखाने असे करणे तेव्हाही दुर्मीळ होते, आजही आहे. विधिज्ञ असे निवेदन देऊ नका म्हणतात, कारण कबुली पुढे अंगावर येऊ शकते. बँका बिथरतात. प्रतिस्पर्धी कात्रण जपून ठेवतात. स्वतः कायद्याचे पदवीधर असलेल्या भवरलालजींना हे सारे ठाऊक नव्हते असे मुळीच नाही.

संवत्सरीच्या दिवशी आपण सारेच 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणतो. ज्यांच्याशी भांडण नाही त्यांना ते प्रथम म्हणतो, आणि ज्यांचे खरोखर नुकसान केले त्यांच्या दारी पाऊल अडखळते. हजारो अनोळखी भागधारकांचे नुकसान झाले असता, ते अनोळखी आहेत या आडोशाला न जाता त्यांची जाहीर क्षमा मागणे, ही क्षमापना अवघड जातीची आहे. श्रावकाच्या बारा व्रतांत परिग्रह-परिमाणाच्या लगोलग दिशा-परिमाण व्रत येते. आपण किती दिशांना, किती अंतरापर्यंत जाणार, याची मर्यादा स्वतःच आखून घ्यायची. आजच्या व्यापाऱ्याला हे व्रत जुनाट वाटते, विमानाच्या काळात दिशांची मर्यादा ती कसली! परंतु नव्वदच्या दशकातील जैन इरिगेशनचा ताळेबंद समोर ठेवून ते व्रत वाचले तर त्यातील व्यवहारज्ञान दिसू लागते. प्रतिक्रमण या शब्दाचा मूळ अर्थ मागे फिरणे असा आहे. कंपनी मागे फिरली. शेतीबाहेरचे व्यवसाय टप्प्याटप्प्याने आवरले गेले, कर्जाची फेररचना झाली, २००२ च्या सुमारास परदेशी गुंतवणूकदाराचे भांडवल मिळाले, आणि सारी शक्ती पुन्हा पाणी, रोप व फळप्रक्रिया यांवर लागली.

या मागे फिरण्यात अशोक, अनिल, अजित व अतुल या चारही पुत्रांचा वाटा होता. व्यापारी घराण्यांत वडिलांच्या चुकीनंतर घर फुटण्याची उदाहरणे आपल्याला शोधावी लागत नाहीत. तोटा वाटून घेण्याची वेळ आली की भावांना वेगळ्या वहीची आठवण होते. येथे तसे झाले नाही, आणि याचे श्रेय भवरलालजी स्वतःकडे घेत नसत. त्यांच्या पत्नी कांताबाई मोठ्या एकत्र कुटुंबाचा संसार चालवीत होत्या. रॉकेलच्या दिवसांपासून नवरा घरी केव्हा येईल याचा भरवसा नसे. पाहुणे, कामगार, शेतकरी यांची पंगत मात्र रोजची. मुलांवरचे संस्कार त्यांचे, घराची एकी त्यांची, असे भवरलालजींनी मोकळेपणाने मान्य केले. कांताबाईंच्या निधनानंतर त्यांनी 'ती आणि मी' हे पुस्तक मराठीत लिहिले. आपल्या समाजातील कर्तबगार पुरुष संस्थांच्या इमारतींना पत्नीचे नाव देतात, पण तिच्याविषयी बसून पुस्तक लिहिणारे विरळा. पित्याने मुलांसमोर आपली चूक जगजाहीर मान्य केली आणि पतीने पत्नीचे ऋण जगजाहीर मान्य केले, ही दोन्ही कामे एकाच स्वभावाच्या माणसाने केली आहेत.

त्यांची प्रकृती मात्र साथ देत नव्हती. हृदयविकाराने त्यांना अनेकदा गाठले. तरीही पहाटेपासून कामाला लागण्याचा शिरस्ता सुटला नाही. कंपनीत नोकर हा शब्द वर्ज्य होता. सर्वांना 'सहकारी' म्हटले जाई. जळगावजवळच्या शिरसोली रस्त्यावरील उजाड टेकड्या त्यांनी घेतल्या, बांध घातले, चर खणले, पाणी अडवले, झाडे लावली. आज 'जैन हिल्स' नावाने ओळखला जाणारा तो परिसर शेतकऱ्यांना दाखवण्याची प्रयोगशाळाच झाला आहे. जवळच्याच पळसखेड्याचे कवी ना. धों. महानोर यांच्याशी त्यांचा जिव्हाळ्याचा स्नेह होता. दोघेही अजिंठ्याच्या डोंगराखालच्या मातीतले, आणि दोघांच्याही बोलण्याचा विषय फिरून फिरून पाण्याशी येई.

पांढऱ्या कांद्याच्या करार शेतीचा उल्लेख येथे करायला हवा, कारण तिच्यात जुन्या ओसरीवरचा व्यवहार दिसतो. निर्जलीकरणासाठी लागणारा कांदा शेतकऱ्याकडून घेताना किमान दर आधी ठरवलेला असे, आणि बाजार चढला तर दर बाजाराशी जोडून मिळे. भाव पडल्यावर करार आठवणारा शेतकरी आणि भाव चढल्यावर करार विसरणारा शेतकरी एकच असतो, हे रॉकेल उधारीवर विकलेल्या माणसाला शिकवावे लागत नाही. त्यामुळे करारातच दोघांची सोय केलेली होती.

२००७ मध्ये इस्रायलच्या किबुत्झांकडून नानदान या ठिबक कंपनीतील निम्मा हिस्सा जळगावच्या कंपनीने घेतला. ज्यांच्या देशातून हे तंत्र आले, त्यांच्याच कारखान्यात खानदेशी भागीदार बसले. त्याच वर्षी अनुभूती ही निवासी शाळा सुरू झाली. पुढे दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांतील मुलांसाठी वेगळी विनाशुल्क शाळाही निघाली. २००८ मध्ये पद्मश्री मिळाली. २५ मार्च २०१२ रोजी तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते जैन हिल्सवरील 'गांधी तीर्थ' या वास्तूचे उद्घाटन झाले. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांचे मार्गदर्शन या संस्थेला लाभले. 'खोज गांधीजी की' या तिथल्या संग्रहालयात खेड्यापाड्यांतील शाळांच्या सहली येतात. एखाद्या उद्योजकाने स्वतःच्या नावाचे स्मारक न बांधता गांधीजींसाठी एवढा खर्च का केला, असा प्रश्न विचारला जाई. स्वतःच्या चुका स्वतः लिहून प्रसिद्ध करणाऱ्या महात्म्याचे भवरलालजींना आकर्षण वाटावे, यात आश्चर्य नाही.

२५ फेब्रुवारी २०१६ रोजी मुंबईत वयाच्या ७८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

चरित्रे सहसा येथे संपतात. पण चार मुलांच्या वाट्याला आलेला पुढचा अध्याय टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. देशोदेशींच्या विस्ताराबरोबर कर्जही वाढले होते, आणि सरकारी योजनांकडील येणी वेळेवर हाती पडत नव्हती. २०१९ मध्ये कंपनी कर्जफेडीत पुन्हा अडखळली. बँकांशी वाटाघाटी दीर्घकाळ चालल्या आणि २०२२ मध्ये कर्जाच्या पुनर्रचनेची योजना मार्गी लागली. २०२३ मध्ये परदेशातील सिंचन व्यवसाय रिव्युलिस या कंपनीत विलीन करण्यात आला. त्यातून भारतातील कंपनीवरील भार हलका झाला आणि नव्या संस्थेत थोडा हिस्सा राखला गेला. नानदानही त्याच व्यवहारात गेली. वडिलांनी मोठ्या अभिमानाने जोडलेली गोष्ट सोडताना मुलांना काय वाटले असेल, याचा अंदाज घरातला व्यवसाय आवरावा लागलेल्या कोणालाही करता येईल. देशातील पाइप, ठिबक संच, रोपे व फळप्रक्रिया हे मूळ काम हातात राहिले.

जून उजाडला की खानदेशात मृगबागेची लागवड सुरू होते. त्याआधीच्या आठवड्यांत जळगावच्या रोपवाटिकांतून ऊतीसंवर्धित केळीची रोपे भरलेल्या गाड्या रावेर, यावल, चोपड्याकडे निघतात. शेतात नळ्या आधीच अंथरलेल्या असतात. जामनेर तालुक्यात, वाकोदच्या बाजूलाही, आता त्या दिसतात. ज्या शिवारात मोटेचे पाणी पाटाने फिरे, तिथे तोट्यांखाली हातभर ओलावा धरून रोप उभे असते.